सर्दी-पडशात एकाच पातेल्यातून घरातल्या सगळ्यांचं कसं भागवायचं?

गोदाकाठ
थंडी पडली की निफाडचा पारा एक आकडी होतो आणि इकडे नाशिक शहरातही घरोघरी शिंका सुरू होतात. एकाच आठवड्यात घरातली दोन-तीन माणसं आडवी होतात, आणि खरी पंचाईत होते ती स्वयंपाक करणाऱ्याची. समजा, घरात चार वर्षांचं मूल आहे, रोज अंबड एमआयडीसीत जाणारा माणूस आहे आणि बीपी-शुगर असलेले आजोबा आहेत. तिघांचं नाक चोंदलंय, घसा दुखतोय, तोंडाला चव नाही. तीन वेगळी पातेली चढवणं कुणाला जमणार?

पहिले तीन-चार दिवस एकाच मूळ स्वयंपाकातून तिघांना काय देता येईल? काढ्यात नेमकं काय घालायचं, आणि किती? "दही नको, केळं नको, दूध नको, भात नको" यातलं खरं किती? कृपया प्रमाणासकट लिहा. "थोडं आलं, थोडी हळद" असं वाचून नवीन करणाऱ्याला काहीच कळत नाही.

मेतकूट
मूळ पातेलं मुगाच्या कढणाचं ठेवा. पचायला हलकं, पाणीही पोटात जातं, आणि तिखट-मीठ वरून वेगवेगळं करता येतं.

अख्खे हिरवे मूग पाऊण वाटी, कोरडेच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायचे. मग धुऊन दोन तास भिजवायचे. कुकरमध्ये सहा वाट्या पाणी, मूग, पाव चमचा हळद, एक चमचा किसलेलं आलं घालून चार-पाच शिट्ट्या. वाफ जिरल्यावर रवीने घुसळायचं. गाळू नका, चोथ्यातच पोटभरीचा भाग असतो. फोडणी एक चमचा तुपाची: अर्धा चमचा जिरं, चिमूटभर हिंग, चार लसूण पाकळ्या ठेचून, कढीपत्ता. लसूण गुलाबी झाला की लगेच ओता, करपला तर सगळं कढण कडवट होतं आणि दुखऱ्या घशाला ती चव नकोशी वाटते.

मिठाचं आधी ठरवा. पातेल्यात अर्धाच चमचा मीठ घाला, आजोबांचं आणि मुलाचं तेवढ्यावर काढा, मग उरलेल्यात मीठ, मिरपूड, लिंबू. कढण गार होताना घट्ट होतं; परत गरम करताना उकळतं पाणी घालायचं, गार पाण्याने ते फुटल्यासारखं दिसतं.

सोबत गुरगुट्या भात. घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी असेल तर उत्तम, कारण तो मुळातच चिकट होतो. एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी. वर तूप आणि एक चमचा मेतकूट.

गवती_चहा
+१ मेतकूट. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच पिळायचं. उकळत्या कढणात घातलं तर कडसर लागतं आणि त्यातलं क जीवनसत्त्वही उष्णतेने कमी होतं.

हुलगे_शेंगोळे
मूग ठीक आहेत, पण सिन्नर-नाशिक पट्ट्यातल्या धाग्यावर हुलग्याचं (कुळथाचं) नाव पहिल्या प्रतिसादात यायला हवं होतं! थंडीत नाक बंद असताना माडग्यासारखं काही नाही.

माडगं: हुलगे भाजून दळलेलं पीठ दोन मोठे चमचे. ते आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवून घ्या. सरळ गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच समजा, आणि त्या मग मोडत नाहीत. तीन वाट्या पाण्यात दोन चमचे गूळ, अर्धा चमचा सुंठ पूड, चिमूटभर मीठ घालून उकळी आणायची. कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडायचं, हात थांबवायचा नाही. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजू द्यायचं. पीठ कच्चं राहिलं तर चव तुरट लागते आणि पोटात गॅस धरतो. वर अर्धा चमचा तूप.

शुगर असलेल्यांसाठी गूळ वगळून जिऱ्या-लसणाची फोडणी आणि दोन आमसुलं घाला. तिखट-आंबट माडगंही तेवढंच चांगलं लागतं.

तोंडाला चव आली की, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, शेंगोळे (हाताने वळलेल्या पिठाच्या वळ्या, रश्शात शिजवलेल्या). दीड वाटी हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं, आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन मिरच्या, एक चमचा जिरं वाटून, हळद, मीठ. पीठ घट्टच मळायचं. सैल झालं की शेंगोळे पाण्यात विरघळतात आणि पिठलं तयार होतं. फोडणीच्या पाण्याला खळखळ उकळी असतानाच एकेक सोडायचा आणि पहिली पाच मिनिटं डाव घालायचा नाही. वीस मिनिटांत होतात. रस्सा दाट हवा असेल तर मूठभर पीठ पाण्यात कालवून शेवटी लावा.

पित्ताचा त्रास असलेल्यांनी हुलगे जपून खावेत, आणि रात्री तर नकोच.

अडुळसा
काढ्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

आयुर्वेदात दोन वेगळ्या कृती आहेत: क्वाथ आणि फांट. मुळं, साली, सुंठ, मिरे, ज्येष्ठमध यांसारख्या कठीण वस्तूंना उकळून आटवावं लागतं, तो क्वाथ. पानं-फुलं उकळत्या पाण्यात टाकून झाकून ठेवायची, तो फांट. आपण घरी सगळं एकत्र टाकून वीस मिनिटं रटारटा उकळतो आणि तुळस, गवती चहा यांचं सुगंधी तेल वाफेबरोबर छताला जातं. राहतो तो नुसता कडूपणा.

दोन मोठ्या माणसांसाठी प्रमाण असं: तीन कप पाणी, एक इंच आलं ठेचून (किंवा पाव चमचा सुंठ, दोन्ही नकोत), चार मिरे भरड, एक लवंग. मंद आचेवर दोन कप होईपर्यंत आटवा. गॅस बंद. मग आठ-दहा तुळशीची पानं हाताने चुरडून आणि गवती चहाच्या दोन पाती कापून टाका, पाच-सात मिनिटं झाकण. गाळा. कोमट झाल्यावर हवा तर एक चमचा मध. मध उकळत्या काढ्यात घालू नये, असं आपल्याकडे सांगतात ते पाळावं.

दिवसातून दोनदा, प्रत्येकी एक कप, चार-पाच दिवस. एवढं पुरे. दिवसभर तिखट काढा पीत राहिलं की छातीत जळजळ, तोंड येणं, पोट बिघडणं हे ठरलेलं. करोनाच्या काळात हे घरोघरी झालं होतं.

ज्येष्ठमध घशाला आराम देतं, पण बीपी वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. गोदाकाठ, तुमच्या प्रश्नातल्या आजोबांना ते द्यायचं नाही. चघळायला काडीसुद्धा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आलं, लसूण, हळद स्वयंपाकातल्या प्रमाणातच ठेवा, औषध म्हणून चमचे भरून नको. आणि गरोदर बाईला अडुळशाचा काढा कधीही देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

रात्रपाळी
छान माहिती. पण खरं सांगायचं तर काढा घेतला काय नि नाही घेतला काय, सर्दी सात दिवस राहतेच ना?

अडुळसा
राहतेच. साधी सर्दी व्हायरसची असते, दोनशेहून जास्त व्हायरस हे काम करतात आणि त्यात ऱ्हायनोव्हायरस सगळ्यात पुढे. काढ्याने तो मरत नाही. गरम पेयाने घसा शेकला जातो, नाक मोकळं वाटतं, पोटात पाणी जातं आणि माणूस झोपू शकतो. सात दिवस बरे जाणं हीही मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास, आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत बरंच बरं, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. हा क्रम माहीत असला की पाचव्या दिवशी घाबरून औषधं बदलली जात नाहीत.

गवती_चहा
गवती चहाची जुडी भद्रकालीत भाजीवाल्यांकडे मिळते. कुंडीतही लागतो, पण थंडीत पाणी कमी घाला. पात कापताना बुंध्यापासून चार बोटं वर कापली तर परत फुटतो.

काळा_रस्सा
इतका वेळ कुणी मिसळीचं नाव काढलं नाही? नाशिकमध्ये नाक चोंदलं की झणझणीत मिसळ खायची. पहिल्या चार घासांत नाक वाहायला लागतं, डोळे मोकळे, डोकं हलकं. याहून जलद औषध दाखवा.

मेतकूट
काळा_रस्सा, मोकळं होतं हे खरं, पण ते मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे. त्याने नाकातला स्राव वाढतो आणि पातळ होतो. थोड्या वेळाने नाक पुन्हा चोंदतं. तर्रीचं तेल आणि शेव-फरसाणाचे कंगोरे मात्र सुजलेल्या घशावर घासत जातात, खोकल्याची उबळ येते. रात्री खाल्ली तर पित्त वर येऊन खोकला आणखी वाढतो. नुसतं नाक चोंदलंय, घसा ठीक आहे, अशा मोठ्या माणसाने सकाळी खावी, फरसाण कमी आणि मोड आलेली मटकी जास्त घेऊन. घसा दुखत असेल तर चार दिवस थांबा.

काळा_रस्सा
मान्य. मटकी जास्त, फरसाण कमी, हे लक्षात ठेवतो.

हुलगे_शेंगोळे
मांसाहार करणाऱ्यांसाठी कोंबडीचं अळणी (बिनमसाल्याचा पातळ रस्सा) राहिलंच. अर्धा किलो हाडासकट चिकन, पाव चमचा हळद, एक चमचा आलं-लसूण वाटण, एक कांदा बारीक चिरून, एक चमचा तेल. कांदा परता, चिकन टाकून पाच मिनिटं हलवा, मग सात वाट्या गरम पाणी आणि पाऊण चमचा मीठ. झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. मोठ्या आचेवर खळखळ उकळलं तर रस्सा गढूळ होतो आणि मांस चामट. वर आलेलं तेल पळीने काढून टाका, घशाला बरं. मुलाला हाडं गाळून, भात कुस्करून.

या अळणीतच घरच्यांसाठी वेगळं वाटण लावून रस्सा करता येतो, म्हणजे इथेही मूळ पातेलं एकच!

बालवाडी_ताई
चार वर्षांच्या मुलाबद्दल काही गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात.

मध: एक वर्षाखालच्या बाळाला चाटणालासुद्धा नाही. त्यात बोट्युलिझमच्या (एक गंभीर विषबाधा) जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढतात. एक वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला तर खोकल्याची उबळ कमी होते. नंतर दात पुसायचे.

कापूर: गळ्यात कापराची पुरचुंडी, उशाखाली वड्या, हे बंद करा. कापराची वडी मुलाने गिळली तर आकडी येऊ शकते. बाम दोन वर्षांखालच्या मुलांना लावूच नये, आणि मोठ्या मुलांनाही नाकाखाली किंवा नाकात नको, फक्त छाती-पाठीवर. ओव्याची पुरचुंडी चालते: दोन चमचे ओवा तव्यावर गरम करून सुती कापडात घट्ट बांधायचा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचा, मग मुलाला दुरून वास द्यायचा. गरम पुरचुंडी थेट छातीवर टेकवल्याने भाजलेली मुलं दवाखान्यात येतात.

वाफ: लहान मुलाला पातेल्यावर धरायचं नाही. पातेलं कलंडतं, आणि भाजण्याची जखम सर्दीपेक्षा शंभर पटींनी वाईट. न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा नळ सोडा आणि मुलाला घेऊन दहा मिनिटं आत बसा, तेवढी ओलसर हवा पुरे.

नाक: तयार मिळणारे सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब, प्रत्येक नाकपुडीत दोन, जेवायच्या आणि झोपायच्या आधी. नाक मोकळं असेल तर मूल जेवतं. नाहीतर घास तोंडात असताना श्वास घेता येत नाही आणि आपण म्हणतो, मूल खात नाही.

जेवणाचा आग्रह नको. दोन दिवस कमी खाल्लं तरी चालतं, पाणी कमी गेलेलं चालत नाही. सहा-आठ तासांत लघवी झाली का, ते बघा.

रात्रपाळी
ताई, खोकल्याचं औषध मुलाला कोणतं द्यावं?

औषधपेढी
याचं उत्तर मी देतो. चार वर्षांच्या मुलाला दुकानातून आणून कोणतंच देऊ नये. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित सिरपमुळे मुलं दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. मोठ्या भावंडाच्या बाटलीतलं अर्धं झाकण लहानाला देणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार.

ताप असेल तर पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, म्हणून "पाच मिलि" एवढंच लक्षात ठेवू नका, लेबलवर पाच मिलित किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. मुलांना ॲस्पिरिन कधीच नाही.

आता मोठ्यांचं. सर्दीच्या बहुतेक एकत्रित गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. माणूस सर्दीची एक गोळी घेतो आणि अंग दुखतं म्हणून तापाची वेगळी घेतो, तेव्हा डोस दुप्पट होतो. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. वय जास्त, वजन कमी, यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर त्याहून बरीच कमी. क्लोरफेनिरामाइनने झोप येते, म्हणून ती गोळी घेऊन प्रेसवर किंवा लेथवर उभं राहू नये आणि अंबड लिंक रोडला गाडीही चालवू नये.

आजोबांना नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. बीपी वाढतं, आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडकते.

नाकात घालायचे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच मिनिटांत नाक उघडतात, म्हणून लोक महिनोन् महिने वापरतात. तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं आणि सोडवणं कठीण जातं.

द्राक्षबाग
शेंबूड पिवळा-हिरवा झाला की अँटिबायोटिक सुरू करायची, असं बरेच जण म्हणतात. बरोबर आहे का?

औषधपेढी
नाही. पांढऱ्या पेशींमुळे तो रंग येतो, साध्या व्हायरल सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. मागच्या वेळच्या उरलेल्या दोन कॅप्सूल घेणं तर सगळ्यात वाईट, जंतू त्याने निर्ढावतात. दहा दिवसांनंतरही काहीच उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आला, गाल-कपाळ एका बाजूला ठणकतंय, तर डॉक्टर ठरवतील.

द्राक्षबाग
धन्यवाद. आता फळांचं मी लिहितो. द्राक्षांनी सर्दी होते हा समज आपल्याच जिल्ह्यात ऐकायला मिळावा, याचं वाईट वाटतं. सर्दी व्हायरसने होते, फळाने नाही. होतं काय, की द्राक्षं फ्रिजमधून काढून तशीच खाल्ली जातात आणि गारव्याने, आंबटपणाने दुखरा घसा आणखी चुरचुरतो. अर्धा तास बाहेर ठेवा, वाहत्या पाण्यात घड सुटा करून नीट धुवा, मिठाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवून परत धुवा. शुगर असेल तर दहा-बारा मणी, जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळी.

क जीवनसत्त्वासाठी मात्र पेरू आणि आवळा पुढे. पेरूत संत्र्याच्या साधारण चौपट असतं. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू करून फारसा फायदा दिसत नाही, रोजच्या आहारात नियमित असेल तर आजाराचे दिवस थोडे कमी होतात. म्हणून पेरू डिसेंबरपासूनच खायला लागा. बिया घशात टोचत असतील तर गर शिजवून गाळून पातळ करा.

गवती_चहा
दही, केळं, दूध राहिलं.

मेतकूट
दुधाने कफ वाढत नाही. दूध लाळेत मिसळून तोंडात दाटसर थर वाटतो, त्यालाच आपण कफ समजतो. ज्याला नकोसं वाटतं त्याने चार दिवस घेऊ नये, बाकीच्यांनी हळद-दूध खुशाल घ्यावं: एक कप दूध, पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, दोन मिनिटं उकळून. हळद कच्ची राहिली तर घशात खवखवते. मिरपूड आणि दुधातली स्निग्धता यांमुळे हळद अंगी लागायला मदत होते.

केळ्याने सर्दी होत नाही, गिळायला दुखत असताना उलट सोपं पडतं. दही ताजं, गोडसर आणि फ्रिजबाहेरचं असेल तर दुपारी चालतं, आंबट दही घशाला झोंबतं. भाताला तर काहीच हरकत नाही.

हुलगे_शेंगोळे
केळ्याबद्दल असहमत. रात्री केळं खाल्लं की सकाळी घसा भरलेला असतो, हे कितीतरी घरांत दिसतं.

मेतकूट
ज्याला तसं होतं त्याने दुपारी खावं, वाद नाही. पण मुलाने दोन दिवसांत फक्त केळंच मागितलं आणि आपण ते नाकारलं, असं होऊ नये.

घाटमाथा
थोडं अवांतर. नाक चोंदलेलं असताना कसारा घाट उतरणाऱ्यांसाठी. इगतपुरी ते कसारा गाडी सुमारे ३०० मीटर खाली येते, हवेचा दाब वाढतो, आणि नाक-कान जोडणाऱ्या सुजलेल्या नळीमुळे कानाला तो दाब सांभाळता येत नाही. कानाला दडे बसतात, मुलं रडतात. घाट लागायच्या आधी जागं राहा, झोपेत गिळणं कमी होतं. घोट घोट पाणी, चघळायला बडीशेप किंवा लवंग. बाळाला अंगावर पाजा. नाक दाबून जोरात फुंकर मारू नका, शेंबूड कानाकडे ढकलला जातो. नाक शिंकरतानाही एक नाकपुडी बंद करून हळूच, दोन्ही बंद करून जोर लावायचा नाही.

बालवाडी_ताई
अवांतर असलं तरी फार उपयोगाचं, घाटमाथा.

रात्रपाळी
जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) कुणी सांगेल का? तिने नाक लवकर मोकळं होतं, पण प्रत्येक वेळी झणझणतं असं ऐकतो.

अडुळसा
झणझणतं ते मिठाचं प्रमाण चुकल्याने. कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी. अर्धा लिटर पाण्याला सपाट पाऊण चमचा साधं मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं किंवा माठाचं थेट नाही. दुर्मीळ असला तरी नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमिबा अशाच पाण्यातून जातो. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर करू नये. झाल्यावर पुढे वाकून, मान डावी-उजवी करून पाणी गळू द्या, हळूच शिंकरा. भांडं रोज उकळत्या पाण्याने धुऊन कोरडं ठेवायचं.

ज्यांना नेती नको, त्यांनी गुळण्या कराव्यात: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. चार वर्षांच्या मुलाला गुळण्या जमत नाहीत, ते पाणी गिळतं. त्याला शिकवत बसू नका.

द्राक्षबाग
आठवडाभर शिंका आहेत, ताप नाही, डोळे खाजतात, पाण्यासारखं नाक वाहतं, तर ती सर्दी की ॲलर्जी?

औषधपेढी
ॲलर्जीची शक्यता जास्त. पावसाळ्यानंतर गाजरगवताचे परागकण, कांदाचाळीत कांदा निवडताना उडणारी टरफलांची धूळ, जुन्या गोधड्या बाहेर काढल्यावरची धूळ, ही आपल्याकडची नेहमीची कारणं. तिथे काढ्याचा उपयोग नाही. नाका-तोंडाला ओलसर कापड किंवा मास्क, गोधड्यांना कडक ऊन, आणि महिनाभर राहिलं तर तपासणी.

बालवाडी_ताई
डॉक्टरकडे कधी जायचं, तेही लिहून ठेवते. मुलाचा श्वास शांत झोपेत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, मूल पीत नाही, गुंगीत आहे, तर रात्र असली तरी थांबू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइटला ताप पोचला की लगेच.

मोठ्यांना धाप, छातीत दुखणं, तीन दिवसांपुढे ताप, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा. अचानक कडक ताप आणि अंग मोडून येणं ही साध्या सर्दीची लक्षणं नाहीत, फ्लूची आहेत. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर उपयोगी, म्हणून आजोबांच्या बाबतीत वाट बघायची नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येऊ या. एक दिवस प्रत्यक्ष कसा बसवायचा?

मेतकूट
रात्री पाऊण वाटी मूग भाजून ठेवा, सकाळी भिजत घाला. न्याहारीला नागलीची (नाचणीची) पेज: दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवून दोन वाट्या उकळत्या पाण्यात, सात-आठ मिनिटं. पेठ-सुरगाण्याकडची नागली भाजून दळलेली असेल तर चव चांगली येते. मुलाला गूळ घालून, आजोबांना ताक-जिरं घालून (ताक पेज कोमट झाल्यावर, नाहीतर फाटतं), कामावर जाणाऱ्याला तूप-मीठ.

दुपारी कढण आणि गुरगुट्या भात. आजोबांना भात एक वाटी आणि कढण दोन वाट्या. आजारात शुगर वरखाली होते म्हणून ती जास्त वेळा तपासायची. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि उपासही नाही. कामावर जाणाऱ्याला कढण थर्मासमध्ये द्या, डब्यात गार झालेलं जात नाही.

चार वाजता एकच काढा, मोठ्या दोघांना. आजोबांचा मधाशिवाय. मुलाला काढा नको, गवती चहाचं फिकं पाणी अर्धा कप पुरे.

रात्री दुपारचंच कढण, त्यात दुधी किसून किंवा पालक चिरून, सोबत ज्वारीची मऊ भाकरी कुस्करून. लवकर जेवायचं, सातच्या आसपास. जेवणानंतर दोन तास बसायचं आणि उशी एक जास्त घ्यायची. आडवं झाल्यावर घशात उतरणारा स्राव आणि पित्त, दोन्हींचा खोकला त्याने कमी होतो.

हुलगे_शेंगोळे
दुसऱ्या दिवशी मुगाऐवजी माडगं, तिसऱ्या दिवशी अळणी. चौथ्या दिवशी शेंगोळे, माझा आग्रह आहे.

गोदाकाठ
एक शंका राहिली. दुपारचं कढण रात्रीपर्यंत बाहेर ठेवलं तर चालेल का? फ्रिजमध्ये ठेवायला सगळे घाबरतात, "गार होईल" म्हणून.

मेतकूट
थंडीतसुद्धा सहा-सात तास बाहेर नको, मुगाचं लवकर आंबतं. जेवणं झाली की उथळ भांड्यात काढून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. रात्री लागेल तेवढंच काढून, पाणी घालून, मधोमध खळखळ उकळी येईपर्यंत गरम करायचं. फोडणी मात्र दोन्ही वेळा ताजी द्या. नाक चोंदलेल्या माणसाला वास कमी येतो, पण चुर्र आवाज ऐकून जेवायला उठतो.